गुरुवारचं विमान

आमच्या घरी जेवताना कुणी विमानाचा विषय काढला की सगळे माझ्याकडे पाहतात. धाकटी तर वाढायचं सोडून म्हणते, बाबा, तुम्ही जबलपूरचं विमान कसं बंद पाडलं ते सांगा ना. मी दर वेळी समजावतो की मी ते बंद पाडलं नाही. जबलपूर सोडायचं त्याच्या मनात आधीपासूनच होतं, मी फक्त फाटक उघडून धरलं. पण घरातल्या माणसांना खरं ऐकण्यापेक्षा आपला माणूस फजीत झालेला ऐकायला जास्त आवडतं, म्हणून मीही सांगतो. आता लिहूनच ठेवतो.

युद्ध संपून थोडीच वर्षं झाली होती. आपला प्रांत अजून मध्यप्रांतच होता, राजधानी नागपूर. हायकोर्ट नागपुरात, सचिवालय नागपुरात, आणि आम्हा मराठी घरांचे निम्मे सोयरे नागपुरात. एका कंपनीने हिशेब केला की जबलपूरची माणसं सदा नागपूरला धावत असणार, तर त्यांना विमान द्यावं. हिशेब अगदी बरोबर होता. माणसं धावतच होती. फक्त ती आगगाडीने धावत होती.

मी तेव्हा शाळेत भूगोल शिकवायचो. गावाला विमान येणार आणि कंपनीला एजंट हवा आहे हे कळल्यावर मला वाटलं, नकाशावर काठी फिरवण्यापेक्षा नकाशावरून माणसं फिरवावीत. राजीनामा दिला. माझ्या जागेवर आठ दिवसांत दुसरा मास्तर आला आणि मुलांना तो माझ्यापेक्षा आवडला, हेही कानावर आलं.

माझं ऑफिस म्हणजे नेपियर टाउनमध्ये एका औषधाच्या दुकानातलं टेबल. मागे विमानाचं चित्र, पुढे खोकल्याच्या बाटल्या. पहिल्या महिन्यात मी तिकिटं दिली त्याच्या तिप्पट लोकांना खोकल्याचं औषध काढून दिलं.

सासरे जबलपुरातलेच. कचेरीतून नाझर म्हणून निवृत्त झालेले, पंचांगाशिवाय दाढीसुद्धा न करणारे. त्यांचे पूर्वज मराठ्यांच्या राज्यात चाकरीला इथे आले ते इथलेच झाले. माझा राजीनामा कळला तेव्हा त्यांनी आवाज चढवला नाही. एवढंच विचारलं, "जावईबापू, काहून सोडून राहिले चांगली नोकरी? गाडी रोज जाते. तुमचं विमान आठवड्यातून दोनदा येते. ज्याचं काम सोमवारी आहे तो गुरुवारची वाट पाहत बसन काय?"

मी त्यांना प्रगती या विषयावर बरंच काही ऐकवलं. त्यांनी ते पूर्ण ऐकून घेतलं, हे त्यांचं मोठेपण.

पुढच्या चार महिन्यांत त्यांचा प्रश्न मला रोज नव्या तोंडून ऐकू आला. विमानाचं मैदान गावापासून लांब, रांझीचा फाटाही मागे टाकून जंगलातून जावं लागे. टांगेवाले आधी नाही म्हणत, मग परतीचंही भाडं मागत. विमान नागपूरला दीड तासात नेई खरं, पण त्या दीड तासासाठी सकाळपासून टांग्यात हाडं खिळखिळी करा, मैदानावर दोन तास बसा, आणि नागपूरला उतरून पुन्हा टांगा शोधा. गाडी आपली गावाच्या मधोमध उभी. इटारसीला बदलावी लागे, रात्र जाई, पण पोचवी.

आणि विमान तर पोचवेलच असं नव्हतं. थंडीत धुकं असलं की ते वरच्यावर निघून जाई. एकदा आलं, दोन घिरट्या घातल्या आणि खाली म्हशी पाहून गेलं. त्या दिवशी मैदानावर एक दाणा-व्यापारी बसला होता. तो घरी परतला आणि त्याने ही गोष्ट अख्ख्या बाजाराला सांगितली. प्रवासी कमी झाले म्हणून कंपनीने आठवड्याच्या दोन फेऱ्यांची एक केली, फक्त गुरुवारची. एकच फेरी म्हणून प्रवासी आणखी कमी झाले. मी भूगोलाचा माणूस, पण नदी आटते कशी हे मला तेव्हा कळलं.

मग पत्र आलं. महिन्याच्या शेवटच्या गुरुवारी कंपनीचे साहेब स्वतः त्या विमानाने येणार होते. जबलपूरहून त्या दिवशी निदान पाच प्रवासी चढले तर थांबा राहील. नाही तर पुढच्या महिन्यापासून विमान जबलपूरला उतरणार नाही. एजंटाची गरजही अर्थातच उरणार नाही.

पत्र मी बायकोला वाचून दाखवलं. तिला पाचवा महिना होता. ती तांदूळ निवडत होती, निवडतच राहिली. मग म्हणाली, "थांबा गेला तर भाड्याची जागा सोडून बाबांकडे जावं लागेल. मला चालेल. तुम्हाला चालेल का, ते पाहा."

घरजावई. शब्द तिने उच्चारला नाही, मीही नाही, पण तो दोघांच्या मध्ये पाटावर येऊन बसला.

हाती तीन आठवडे होते. पाच माणसं. एवढ्या मोठ्या शहरात पाच माणसं मिळणार नाहीत? मी सायकल काढली.

पहिला गेलो नेपियर टाउनातल्या वकिलांकडे. मराठी समाजातलं ते मोठं नाव, महिन्यातून दोनदा हायकोर्टात जाणारे. ते जिथे जातील तिथे पाच-दहा घरं डोळे मिटून मागे जातात. त्यांनी चहा दिला, विमानाची स्तुती केली, गावाला विमान असलंच पाहिजे म्हणाले. मी तिकिटाचं पुस्तक उघडलं तेव्हा त्यांनी पंचांग उघडलं.

"गुरुवार," ते म्हणाले, "आणि दक्षिण."

मी तिकिटाचं पुस्तक मिटलं. गुरुवारी दक्षिणेला दिशाशूळ. नागपूर जबलपूरच्या दक्षिणेला, हे मी नऊ वर्षं मुलांना शिकवलं होतं. गुरुवारी दक्षिणेला निघू नये हे मला आईने शिकवलं होतं. ही दोन वाक्यं शेजारी ठेवून पाहण्याची बुद्धी मला चार महिने झाली नव्हती. ज्या घरांच्या भरवशावर मी एजंट झालो, त्या प्रत्येक घराला कंपनीने नेमका निषिद्ध वार दिला होता, आणि मी तो पाटीवर मोठ्या अक्षरांत रंगवून घेतला होता.

कंपनीला वार बदलायला लिहिलं. उत्तर आलं, बाकीचे दिवस विमान दुसरीकडे गुंतलेलं असतं.

त्या रात्री नाइलाजाने सासऱ्यांपुढे बसलो. त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "यात काय अवघड आहे? प्रस्थान ठेवायचं."

प्रस्थान आता कुणी ठेवत नाही, म्हणून सांगतो. निघायचा दिवस वाईट असेल तर आदल्या चांगल्या दिवशी, चांगल्या वेळेला, आपलं एक गाठोडं जायच्या दिशेला दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवायचं. अंगावरचं एखादं वस्त्र, त्यात मूठभर तांदूळ, सुपारी, हळकुंड. गाठोडं घराबाहेर पडलं की माणूस निघाला असंच धरतात. मग तो स्वतः वाईट दिवशी उठून गेला तरी दोष लागत नाही.

मला सासऱ्यांच्या पाया पडावंसं वाटलं. पडलोही. दुसऱ्या दिवसापासून मी घरोघर सांगत सुटलो की बुधवारी तुमचं प्रस्थान कंपनी स्वतः घेऊन जाईल आणि विमानाच्या मैदानावर नीट ठेवील. कंपनी म्हणजे मी आणि एक टांगा.

वकील खूश झाले. "हे छान केलंत," म्हणाले. "माझं ठेवा." त्यांच्यामागून रांझीचे एक निवृत्त ओव्हरसियर आणि त्यांची बायको तयार झाली, नातवाच्या बारशाला जायचं होतं. मग अधारतालकडचे दोघे भाऊ, मुलगी पाहायला निघालेले. वकील, जोडपं, भाऊ. पाच. मी बोटांवर इतक्या वेळा मोजले की बायको म्हणाली, बोटं झिजतील.

बुधवारी पंचांगातल्या वेळेला मी पाचही दारांवर गेलो. प्रत्येक घरी कुंकू लागलं, गाठोडं हातात आलं, कुणी दही दिलं. संध्याकाळपर्यंत पाच गाठोडी मैदानावरच्या पत्र्याच्या खोलीत एका फळीवर ओळीने बसली. चौकीदाराला सांगितलं, यांना पाय लावू नको. परतताना तारघरात जाऊन कंपनीला तार केली: पाच प्रवासी नक्की. प्रस्थान ठेवलेला माणूस मागे फिरत नाही, ही माझी खात्री होती. ती खात्री चुकीची नव्हती, एवढं आजही म्हणतो.

गुरुवारी मी पहाटेच मैदानावर पोचलो. विमानाची वेळ अकराची. आभाळ स्वच्छ. चौकीदाराने गुरं हाकलली, वारा कळावा म्हणून ओल्या गवताचा धूर केला. मी वजनाचा काटा पुसून ठेवला, कारण छोट्या विमानात सामानासारखी माणसंही तोलून घेत. नऊ वाजले. साडेनऊ. प्रवाशांना मी दहाची वेळ दिली होती.

दहा वाजता रस्ता रिकामा होता.

मी मनाशी म्हटलं, टांगेवाले उशीर करतात. सव्वादहाला म्हटलं, वकिलांच्या घरचा चहा लांबतो. साडेदहाला मी काटा पुन्हा पुसला. चौकीदार माझ्या शेजारी येऊन उभा राहिला आणि त्याने रस्त्याकडे पाहून हळूच विचारलं, "साहब, सवारी आएगी न?" मी म्हटलं, सामान आलंय म्हणजे सवारी येईलच. त्याने फळीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि धुरात आणखी गवत टाकायला निघून गेला.

पावणेअकराला वळणावर एक ठिपका दिसला. ठिपका मोठा झाला तेव्हा ती सायकल निघाली आणि सायकलवर वकिलांचे मुन्शी, पन्नाशी उलटलेले, घामाने ओले. त्यांनी उतरून टोपीतून चिठ्ठी काढली. वकिलांचं अक्षर सुंदर होतं.

त्यांनी लिहिलं होतं की प्रस्थान उत्तम ठेवलं गेल्याने सर्वांना निश्चिंत वाटत आहे, म्हणून सर्व मंडळी एकत्रच सकाळच्या गाडीने नागपूरला निघाली आहेत. प्रस्थान नेहमी माणसाच्या पुढे असावं, ते विमानाने पुढे जाईल यापेक्षा उत्तम काय? नागपूरच्या मैदानावर आमचा माणूस येऊन गाठोडी घेईल. आपली ही सोय फार चांगली आहे, अशीच चालू ठेवावी.

मी चिठ्ठी दोनदा वाचली. रागवावं तर कुणावर? त्यांनी दोष टाळला होता, गाडी पकडली होती आणि विमानाला कामही दिलं होतं. गाठोडं पाठवलं म्हणजे माणूस निघाला, हे मीच तर दारोदार सांगितलं होतं. कशाने निघाला, ते सांगायचं माझं राहून गेलं.

तेवढ्यात आवाज आला. मुन्शींनी वर पाहिलं, चौकीदाराने वर पाहिलं. मी पाहिलं नाही.

विमान उतरलं. कंपनीचे साहेब खाली आले. पुण्याकडचे मराठी गृहस्थ, हातात नोंदवही, चेहऱ्यावर राग नाही आणि उत्साहही नाही. विमानात त्यांच्याशिवाय दोनच माणसं बसलेली दिसली, दोघंही झोपलेली. साहेबांनी विचारलं, प्रवासी कुठे आहेत. मी त्यांना खोलीत नेऊन फळी दाखवली.

ते त्या पाच गाठोड्यांसमोर उभे राहिले. मला वाटलं, यांना काय समजावायचं. पण त्यांना समजलं होतं, आणि तीच माझी पंचाईत झाली.

"प्रस्थान," ते म्हणाले. "माझी आईसुद्धा ठेवायची. पण मागून ती स्वतः जायची हो."

मी म्हटलं, हीही माणसं गेलीच आहेत, फक्त... आणि वाक्य तिथेच सोडलं. साहेबांनी घड्याळ पाहिलं. अर्धा तास थांबतो म्हणाले. पाच मिळाले तर पाच लिहीन.

अर्ध्या तासात जंगलातून पाच माणसं कुठून आणायची? मी आधी स्वतःला पुढे केलं. एजंट हा प्रवासी नव्हे, साहेब म्हणाले. मुन्शींना विनवलं, कंपनी तुम्हाला आज फुकट नेईल. ते दोन पावलं मागे सरले. "और साइकिल कौन ले जाएगा, गुरुजी?" चौकीदाराकडे वळलो. तो बिचारा तयार झाला, खांद्यावरचा पंचाही झटकला, पण त्याच्याच लक्षात आलं की तो विमानात बसला तर विमान उडताना गुरं कोण हाकलणार. पायलट हे ऐकून दुसरीकडे तोंड करून उभा राहिला. त्याचे खांदे हलत होते.

वीस मिनिटं गेली. मी रस्त्याच्या तोंडाशी जाऊन उभा राहिलो. घरजावई हा शब्द तिथेही आला होता, माझ्या आधीच.

आणि धूळ उठली. टांगा. घोडं दमलेलं, टांगेवाला ओरडत होता. मी मोजायला लागलो, टांग्यात किती डोकी दिसतात. एकच दिसत होतं, काळ्या टोपीचं.

सासरे उतरले. एका हातात छत्री, दुसऱ्यात पिशवी. धोतराचा सोगा धुळीने लाल झालेला. मला वाटलं, बायकोला काही झालं. ते म्हणाले, घरी सर्व ठीक आहे. सकाळी देवळात कळलं की मंडळी गाडीने गेली. मग घरी जाऊन त्यांनी कोट घातला.

मी विचारलं, "पण आज गुरुवार आहे. तुमचं प्रस्थान?"

"नाही ठेवलं," ते म्हणाले. "गाठोडी बहुत झाली तुमच्याकडे. म्हटलं, आपण माणूसच जावं."

त्यांना नागपूरला काही काम नव्हतं. हे त्यांना ठाऊक होतं, मला ठाऊक होतं, आणि साहेबांनी जन्मात त्यांना पाहिलं नसूनही त्यांनाही ते कळलं असावं. कारण साहेबांनी स्वतः त्यांची छत्री धरली आणि सासऱ्यांना काट्यावर चढवलं. काट्यावर चढण्याआधी सासऱ्यांनी जोडे काढून बाजूला ठेवले, देवळात ठेवतात तसे. वजन झालं. मग एकेक गाठोडं तोललं. पाच मिळूनही माणसाच्या निम्मंही भरलं नाही.

सासऱ्यांनी साहेबांना विचारलं, "किती पाहिजेत तुम्हाला?"

"पाच," साहेब म्हणाले.

"मी एकच आहे. दुसऱ्याला गाडी पसंत आहे, त्याला मी काय करू?"

साहेबांनी नोंदवहीत लिहिलं. मी शेजारीच उभा होतो म्हणून दिसलं: प्रवासी एक, गाठोडी पाच. त्यांनी लिहिलेलं थोडा वेळ पाहिलं. खोडलं मात्र नाही.

सासरे शिडी चढले तेव्हा मी त्यांचं कोपर धरलं. खिडकीतून त्यांनी हात दाखवला नाही, दोन्ही हातांनी पुढची बैठक घट्ट धरली होती. त्यांच्या शेजारच्या बैठकीवर पायलटने पाचही गाठोडी ठेवून वरून पट्टा बांधला. चौकीदार गुरांवर धावला. विमान धावलं, उठलं आणि जंगलावरून दक्षिणेला वळलं. मी ते अगदी दिसेनासं होईपर्यंत पाहत होतो. मुन्शी म्हणाले, "चलो, सामान तो टाइम पर निकल गया," आणि सायकलवर बसले.

थांबा गेला. पत्र पंधरा दिवसांत आलं, सभ्य भाषेत. महिनाअखेरीस आम्ही भाड्याची खोली सोडून सासऱ्यांकडे राहायला गेलो. ते नागपूरहून चौथ्या दिवशीच गाडीने परत आले होते. मी विचारलं, विमान कसं वाटलं. "मस्त," म्हणाले. "वरून आपलं गाव न् ते मैदान अगदी जवळजवळ दिसते." मी घरात राहायला आलो यावर मात्र कधी काही बोलले नाहीत. वर्षभराने शाळेत जागा निघाली तोवर आमची थोरली त्यांच्याच मांडीवर खेळली.

पण खरी गोष्ट त्यानंतरची. राहायला गेलो त्याच आठवड्यात एका सकाळी वकील ओसरीवर आले. हातात कागद. विमान बंद झाल्याचं ऐकून त्यांना मनापासून वाईट वाटलं होतं. एवढं मोठं शहर, कारखाने, छावणी, कॉलेजं, आणि विमान नाही, ही लाजिरवाणी गोष्ट आहे, असं ते म्हणाले. त्यांनी कंपनीला अर्ज लिहिला होता. त्यात म्हटलं होतं की जबलपूरच्या मराठी समाजाचा या सेवेला पूर्ण पाठिंबा आहे. खाली सह्या होत्या. वकील, ओव्हरसियर, त्यांची पत्नी, दोघे भाऊ, आणि आणखी वीसेक घरं.

मी सही केली. काय करणार, पाहुणे होतो त्या घरात.

वकिलांनी कागद सासऱ्यांपुढे धरला. सासऱ्यांनी चष्मा लावून सगळ्या सह्या वरपासून खालपर्यंत वाचल्या. मग कागद परत दिला.

"तुम्ही करा जी सह्या," ते म्हणाले. "तुम्ही कोणी बसले नाही त्यात. मी बसलो. नागपूर येईपर्यंत ओकून राहिलो होतो."

मग त्यांनी माझ्याकडे न पाहता आत हाक दिली, चहा टाका, दोन कप.

"तीन," आतून माझी बायको म्हणाली. "यांनापण लागते."